पार्किंग नंबर १७ ची गाडी

नीलेश बी-३०४: आज सकाळी ९.१० ला नवले पुलाच्या उतारावर मोटरसायकल परत बंद पडली. चालता चालता. मागे कंटेनर. कशीबशी कडेला घेतली, हात अजून थरथरतायत. दसऱ्याला घेतलेली गाडी, ६,८४० किलोमीटर झालेत फक्त, आणि वर्कशॉपची ही सहावी वारी. कोणाला असा अनुभव आहे का? काय करता येतं?

पाटील ए-४०३: अरे बापरे. तू बरा आहेस ना?

नीलेश बी-३०४: हो दादा. टेम्पोत घालून वर्कशॉपला आणली. इथेच बसलोय.

कुलकर्णी काका ए-१०२: नीलेश, काळजी घे. पार्किंग १७ मध्ये याच गाडीखालचा तेलाचा डाग अजून तसाच आहे. फोटो जोडला आहे.

मयूर बी-१०१: काका, पोरगा वाचलाय, तुम्ही डाग काय घेऊन बसलात

कुलकर्णी काका ए-१०२: मी "काळजी घे" आधी लिहिले आहे. नीट वाचावे.

मंजिरीताई सी-४०२: आमच्या ऋषीला विचारलं, न्यू जर्सीला असतो. तिकडे लेमन लॉ आहे, सदोष नव्या गाड्यांसाठीचा कायदा. पहिली दोन वर्षं किंवा २४,००० मैल, जे आधी होईल तोवर. तोच बिघाड तीनदा करूनही गेला नाही, किंवा गाडी एकूण २० दिवस पडून राहिली, की कंपनीला पत्र पाठवून एक शेवटची संधी द्यायची. मग बदलून द्या नाहीतर पैसे परत. मोटरसायकलला पण लागू आहे.

मयूर बी-१०१: लेमन म्हणजे लिंबूच ना? नीलेशच्या गाडीला शोरूमने बांधलं होतं, मिरच्यांसकट 😄

देशमुख ए-३०१: चाकाखाली पण चिरडलं होतं. दोन वर्षं तिथून मोजा.

मंजिरीताई सी-४०२: माहिती द्यावी तर चेष्टा. चालू द्या.

भोसले (सेक्रेटरी): सर्व सभासदांना नम्र विनंती, हा ग्रुप फक्त सोसायटीच्या कामासाठी आहे 🙏

पाटील ए-४०३: साहेब, काल आंब्याच्या पेट्यांचे भाव कोणी टाकले होते?

भोसले (सेक्रेटरी): ते सर्वांच्या सोयीसाठी होते. तीन पेट्या अजून शिल्लक आहेत.

जोशी वहिनी सी-२०१: नीलेश, आत्ता कोर्टातून बाहेर आले. आपल्याकडे लेमन लॉ नावाचा कायदा नाही. तीन वेळा झालं की गाडी आपोआप बदलून, असं काही नसतं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे. त्यात दोष काढून द्या, गाडी बदला, पैसे परत करा, भरपाई द्या, हे सगळं मागता येतं. गाडी पाच लाखांच्या आतली, म्हणजे तक्रारीची फी शून्य. तू राहतोस त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार चालते, कंपनीच्या दारात जावं लागत नाही. वकील पण लागत नाही. हे मीच सांगतेय.

देशमुख ए-३०१: वहिनी, स्वतःच्या पोटावर पाय 😄

सावंत बी-२०२: पण नीलेशचा भाऊ रात्री हीच गाडी डिलिव्हरीला नेतो ना? म्हणजे धंद्याची गाडी. मग ग्राहक कसा? साडेबाराला गेटवर हॉर्न वाजतो तो आम्हीच ऐकतो.

नीलेश बी-३०४: सावंत काका, तो दोन महिने करत होता, नोकरी गेली तेव्हा. आणि हॉर्न वॉचमन झोपतो म्हणून.

सावंत बी-२०२: मी फक्त कायद्याचं विचारलं.

जोशी वहिनी सी-२०१: स्वतः राबून पोट भरण्यासाठी वापरली तरी माणूस ग्राहकच राहतो. तक्रारीत लपवायचं मात्र नाही. समोरचा वकील तेच उकरून काढतो.

अमेय सी-३०३: म्हणून म्हणत होतो, इलेक्ट्रिक घ्या. पण चार्जिंग पॉइंटचा ठराव कोणी पाडला ते सगळ्यांना माहीत आहे.

भोसले (सेक्रेटरी): तो विषय एजीएममध्ये संपला आहे.

अमेय सी-३०३: संपवला आहे.

कुलकर्णी काका ए-१०२: तेलाचा डाग. पार्किंग १७. पुन्हा आठवण.

जोशी वहिनी सी-२०१: नीलेश, जॉब कार्डं आहेत का? त्यावर काय लिहिलंय ते जसंच्या तसं टाक.

नीलेश बी-३०४: आधीच्या पाच वेळांची चारच आहेत. एकदा दिलंच नाही, "सॉफ्टवेअर अपडेट आहे सर, दहा मिनिटांचं काम." बाकी:
स्टार्टिंग प्रॉब्लेम.
फ्युएल पंप बदलला.
स्टार्टिंग प्रॉब्लेम, थ्रॉटल बॉडी साफ केली.
ऑइल लीक तपासला, आढळला नाही.
सगळ्यांच्या खाली "टेस्ट राइड ओके".

जोशी वहिनी सी-२०१: बघ. "चालत्या गाडीचं इंजिन बंद पडतं" हे एकावरही नाही. कागद वाचणाऱ्याला वाटेल, पोराला किक मारायचा कंटाळा आहे.

नीलेश बी-३०४: किक नाहीचे तिला वहिनी 😭

जोशी वहिनी सी-२०१: आज नवीन कार्डावर सही करण्याआधी तुझ्या शब्दांत लिहून घे. तारीख, जागा, किलोमीटर, मागे कंटेनर होता ते पण. नाही लिहिलं तर तिथेच बसून ईमेल कर, डीलरला आणि कंपनीला दोघांना. १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, तक्रार नोंदवून नंबर घे. ॲडव्हायझर फोनवर काय म्हणाला ते हवेत जातं.

पाटील ए-४०३: आणि गाडी बदलून मिळेल का?

जोशी वहिनी सी-२०१: खोटी आशा लावत नाही. सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये एका कारच्या प्रकरणात वॉरंटीच्या अटी बघून सांगितलंय, खराब भाग बदलायची जबाबदारी, अख्खी गाडी नाही. दोष मुळातलाच आहे हे आपल्याला दाखवावं लागतं. म्हणून मागणीत पर्याय लिहायचे: पैसे परत, नाहीतर गाडी, तेही नाही तर पक्की दुरुस्ती, आणि सोबत भरपाई. तक्रार करायची मुदत दोन वर्षं, पण म्हणून दोन वर्षं थांबू नको.

देशमुख ए-३०१: माझा मेव्हणा जुन्या गाड्या घेतो. विकून टाक आणि मोकळा हो.

जोशी वहिनी सी-२०१: अजिबात नाही. आयोग गाडी तपासायला प्रयोगशाळेत पाठवू शकतो. गाडीच नसेल तर दोष कशातला दाखवणार?

मयूर बी-१०१: गाड्या तपासणारी एआरएआय आपल्या टेकडीवरच आहे की. ढकलत नेऊ सगळे मिळून.

जोशी वहिनी सी-२०१: कुठे पाठवायची ते आयोग ठरवेल. तू फक्त ढकलायला ये.

कुलकर्णी काका ए-१०२: तेलाचा डाग. १४ नोव्हेंबर, ९ डिसेंबर, २ जानेवारी, २६ फेब्रुवारी, आणि आज. पाच वेळा फोटो टाकले, कोणी दखल घेत नाही.

जोशी वहिनी सी-२०१: काका, थांबा. पाचही फोटो आहेत तुमच्याकडे?

कुलकर्णी काका ए-१०२: अर्थात. तारखेसहित. बाजूला मोजपट्टी ठेवून काढले आहेत. पहिला सव्वादोन इंच होता.

जोशी वहिनी सी-२०१: नीलेश, लीक आढळला नाही ते कार्ड कधीचं?

नीलेश बी-३०४: ३ जानेवारी 😳

मयूर बी-१०१: काका 🙏🙏🙏

जोशी वहिनी सी-२०१: काका, मूळ फोटो नीलेशला ईमेल करा, ग्रुपवर टाकलेले नकोत. मोबाइलमधून एकही डिलीट करू नका.

कुलकर्णी काका ए-१०२: देतो. पण डाग कधी पुसणार?

नीलेश बी-३०४: काका, संध्याकाळी आलो की स्वतः पुसतो.

जोशी वहिनी सी-२०१: पुसायच्या आधी अजून एक फोटो. मोजपट्टीसकट.