दिंडीची भिशी आणि देवळाचा ताळेबंद

दानपेटीतला पैसा कुठे जातो हे भक्ताला कधीच कळत नाही, असं म्हटलं जातं. मोठ्या देवस्थानांबद्दल पटतं. पण वारीतली दिंडी बघा. पंढरपूरला चालत जाणारा वारकरी निघण्याआधी भिशी, म्हणजे दिंडीच्या खर्चातला आपला वाटा, भरतो. त्यातच दोन्ही वेळचं जेवण, राहुट्या, सामानाचा ट्रक, पाण्याचा टँकर, आचाऱ्यांची मजुरी बसवायची. वाटेतल्या एखाद्या गावाने पंगत दिली की त्या वेळचा शिधा वाचतो, आणि तो वाचला हे पानावर बसलेल्या प्रत्येकाला दिसतं. भाजी पातळ झाली तर त्याच रात्री विचारणा होते.

तीच माणसं ज्या विठ्ठलाकडे निघालेली असतात, त्याच्यापुढच्या उत्पन्नावर बडवे-उत्पातांचा, म्हणजे तिथल्या पुजारी घराण्यांचा, वंशपरंपरागत हक्क होता. १९७३ च्या कायद्याने तो रद्द केला, तरी वाद सर्वोच्च न्यायालयात २०१४ साली संपला. चाळीस वर्षं!

१९५० च्या विश्वस्त कायद्यामुळे नोंदणीकृत देवस्थानांचे हिशेब धर्मादाय कार्यालयात जातात खरे. गावकऱ्यांनी मात्र ते क्वचितच पाहिलेले असतात. निदान वर्षातून एकदा ताळेबंद सभामंडपात लावावा, पंगत देणाऱ्यांच्या नावांच्या फलकाशेजारीच.