‘खुलासा’ लिहिला आणि बॉस उठून उभे राहिले

चाळकरीण : पत्रकारितेचा अभ्यासक्रम संपवून जूनमध्ये लोअर परळच्या एका कंपनीत कॉर्पोरेट कम्युनिकेशन्सला लागले. मराठी मजकूर सगळा माझ्याकडे. मागच्या आठवड्यात एका दैनिकात आमच्याबद्दल अर्धवट बातमी आली. मी चार ओळी लिहिल्या, वर मथळा दिला ‘कंपनीचा खुलासा’. बॉस लखनौचे. वाचून उभेच राहिले, “हम कौन सा खुलासा कर रहे हैं?” वर्गात तर हाच शब्द शिकवला होता. चुकलं कुठे?

बोरूबहाद्दर : तुमचंही नाही, त्यांचंही नाही. हिंदी वाहिन्यांवर ‘बड़ा खुलासा’ म्हणजे भांडाफोड. आपल्याकडे खुलासा म्हणजे गैरसमज दूर करणं. शब्द मूळचा अरबी. तिथे अर्थ अर्क, सारांश. उर्दूतही सारांश हा अर्थ आहे. ‘खुला’शी नातं आपण कानाने जोडलं असावं. आमच्या डेस्कवर हिशेब सरळ होता : खुलासा समोरच्याचा, दुरुस्ती आपली, दिलगिरी वकिलाने सांगितलेली.

मंत्रालय_स्लो : सरकारी नोकराला विचारा. ‘तीन दिवसांत लेखी खुलासा सादर करावा.’ कारणे दाखवा नोटिशीतलं हे वाक्य वाचून ज्याला घाम फुटला नाही तो कंत्राटी असणार. म्हणजे मराठीतही हा शब्द तितकासा निष्पाप नाही. बॉसचा कान अगदीच तिरका नव्हता.

वामकुक्षी : आमची आजी ‘शौचाला खुलासा झाला’ म्हणायची. कंपनीच्या मथळ्यात तो अर्थ घेऊ नये, एवढीच विनंती. (‘खुलासेवार’ मात्र सुंदर शब्द आहे. हल्ली सगळे ‘डिटेलमध्ये’ लिहितात.)

दलाल_स्ट्रीट : कंपनी शेअर बाजारात नोंदलेली आहे का? असेल तर हा प्रश्न नुसता भाषेचा राहत नाही. सेबीच्या 2015च्या प्रकटीकरण नियमांत अफवांबद्दल तरतूद आहे. बाजारमूल्याने पहिल्या 100 कंपन्यांना ती 1 जून 2024 पासून लागू झाली, पहिल्या 250 ना 1 डिसेंबर 2024 पासून. प्रसारमाध्यमांतल्या बातमीने शेअरचा भाव लक्षणीय हलला, तर 24 तासांत शेअर बाजाराला कळवायचं : पुष्टी, इन्कार किंवा स्पष्टीकरण. तिन्ही वेगळे. नुसतं ‘खुलासा’ लिहिलं तर यातलं नेमकं काय केलं ते वाचणाऱ्याला कळत नाही. बातमी अर्धवट होती म्हणता, म्हणजे इन्कार नाही, ‘स्पष्टीकरण’ लिहा.

बोरूबहाद्दर : ‘स्पष्टीकरण’ म्हटलं की मला ‘संदर्भासहित’ आठवतं आणि चार गुण. पण मान्य. वर्तमानपत्राला पाठवाल त्यात ‘खुलासा’ चालेल, उपसंपादकाला तो लगेच कळतो. तोच कागद हिंदी, इंग्रजी माणसांच्या हातातून जाणार असेल तर नको.

चाळकरीण : नोंदलेली नाही, सुटले. शेवटी बॉसनी स्वतःच मथळा बदलला, ‘कंपनीचे निवेदन’. घरी दाखवलं तर बाबा म्हणाले, “निवेदन तर मोर्चावाले तहसीलदाराला देतात. तुमच्या मागण्या काय आहेत?”