एनपीटेलच्या मशीन लर्निंग फायनलची तयारी कशी करू आणि टीएंना डाउट कसे विचारू? सल्ला हवाय

कृष्णाकाठची
नमस्कार मंडळी. मी टीई (इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष) कॉम्प्युटरला आहे, सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात. या सेमला एनपीटेलवर (आयआयटी वगैरेंचे ऑनलाइन कोर्स असतात तिथे) आयआयटी मद्रासचा 'इंट्रोडक्शन टू मशीन लर्निंग' घेतलाय, १२ आठवड्यांचा, आणि कॉलेज त्याचे ३ क्रेडिट धरणार आहे त्यामुळे नुसतं सर्टिफिकेटपुरतं नाहीये, मार्क महत्त्वाचे आहेत. सहाव्या आठवड्यापर्यंत, म्हणजे डिसिजन ट्रीपर्यंत, सगळं नीट समजलंय. पण आठव्या-नवव्या आठवड्यातलं बेझियन नेटवर्क (कशाचा कशावर परिणाम होतो ते बाणांनी दाखवणारा ग्राफ), डी-सेपरेशन (त्या ग्राफमध्ये कोण कोणापासून स्वतंत्र ते ओळखायचा नियम), एचएमएम (हिडन मार्कोव्ह मॉडेल) आणि अकराव्यातलं ईएम (एक्स्पेक्टेशन-मॅक्सिमायझेशन) अल्गोरिदम हे काही केल्या डोक्यात बसत नाहीये. परीक्षा तोंडावर आलीये.
दोन गोष्टी विचारायच्यात. एक म्हणजे उरलेल्या दिवसांत नेमकं काय वाचू. दुसरं म्हणजे कोर्सच्या फोरमवर टीए (टीचिंग असिस्टंट, प्रोफेसरांना मदत करणारे) असतात, त्यांना डाउट विचारायचे तर कसे विचारायचे? आयआयटीचे लोक आहेत, इंग्रजीत लिहायचं, चुकीचं काही विचारलं तर काय वाटेल त्यांना असं होतं. आमच्या कॉलेजच्या मेंटर सरांना विचारलं तर ते म्हणाले हा माझा विषय नाही, फोरमवर टाक. असाइनमेंटची सरासरी ७२ टक्के आहे. प्लीज मदत करा.

गणपतीपुळे९९
आधी हिशोब करून घे म्हणजे अर्धं टेन्शन जाईल. असाइनमेंटला २५ आणि फायनलला ७५ असं वेटेज असतं, १२ पैकी चांगल्या ८ असाइनमेंट धरतात. तू जी ७२ टक्के म्हणतेस ती सगळ्यांची सरासरी आहे की बेस्ट ८ ची ते बघ, बेस्ट ८ ची असेल तर तुझे २५ पैकी १८ आत्ताच जमा आहेत. सर्टिफिकेटसाठी असाइनमेंटमध्ये २५ पैकी १० आणि परीक्षेत ७५ पैकी ३० असे दोन्हीकडे वेगवेगळे लागतात, एकीकडचे दुसरीकडे चालत नाहीत. 'एलिट' दर्जाच्या सर्टिफिकेटला एकूण ६० लागतात म्हणजे तुला परीक्षेत ४२ हवेत. त्यावरच्या सिल्व्हरला ७५, म्हणजे परीक्षेत ५७. ४२ तुला नक्की जमतील, पहिले सहा-सात आठवडे पक्के असतील तर आरामात.

देशावरचा_पोरगा
डाउट बिउट सोड, वेळ नाहीये आता. सगळ्या असाइनमेंटचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं पाठ कर, जुन्या सेमचे पण मिळतात, टेलिग्रामवर सगळं आहे. आमच्या बॅचचे निम्मे तसेच पास झाले.

माजी_टीए
@देशावरचा_पोरगा, मित्रा, हे मी तिला अजिबात सांगणार नाही. टेलिग्रामवर फिरणारी कितीतरी उत्तरं चक्क चुकीची असतात, शिवाय प्रश्नातला एक आकडा किंवा 'नाही' हा एक शब्द बदलला की पाठ केलेलं उलट अंगावर येतं. डेडलाइन झाल्यावर कोर्सवरच अधिकृत सोल्युशन येतात, ती असताना बाहेर कशाला जायचं? असाइनमेंट परत सोडवणं मात्र शंभर टक्के कर, पण उत्तर झाकून, कागदावर.

@कृष्णाकाठची, मी दुसऱ्या एका कोर्सला टीए होतो त्यामुळे समोरच्या बाजूने काय दिसतं ते सांगतो. एका कोर्सला हजारो मुलं असतात आणि टीए मोजके, तेही स्वतः एमटेक-पीएचडी करणारे, स्वतःचं काम सांभाळून उत्तरं देणारे. फोरम उघडला की 'रिस्पेक्टेड सर, वीक सिक्स समजला नाही, प्लीज एक्सप्लेन' असे मेसेज ओळीने असतात. याला उत्तर काय देणार, अख्खा आठवडा परत शिकवणार? तो मेसेज बाजूला पडतो, आणि त्यात विचारणाऱ्याबद्दल राग वगैरे काही नसतो, कुठून सुरुवात करायची तेच कळत नाही. आणि ज्या मेसेजमध्ये मुलाने स्वतः काय केलं ते लिहिलेलं असतं त्याला उत्तर द्यायला दोन मिनिटं लागतात म्हणून तो आधी घेतला जातो.

एक उदाहरण देतो. डिसिजन ट्रीचं गणित आहे, १४ उदाहरणं, ९ 'हो' आणि ५ 'नाही', एन्ट्रॉपी (हो-नाहीची किती सरमिसळ आहे त्याचं माप) काढा. एकाने लिहिलं 'माझं उत्तर चुकीचं येतंय, का?' दुसऱ्याने लिहिलं 'वीक ६, प्रश्न अमुक, मी ९/१४ आणि ५/१४ घेतले, फॉर्म्युला हा वापरला, माझं उत्तर ०.६५ आलं, सोल्युशनमध्ये ०.९४ आहे.' दुसऱ्याचं ०.६५ बघितल्या बघितल्या मला कळतं की कॅल्क्युलेटरवर नॅचरल लॉग दाबलाय, इथे बेस २ चा लॉग हवा. एका ओळीत उत्तर, पोरगा खूश. पहिल्याला मी काय सांगू? त्याचा आकडाच माझ्याकडे नाही.

तर विचारताना विषयाच्या ओळीत आठवडा, लेक्चर किंवा प्रश्न नंबर टाक, म्हणजे 'वीक ८, डी-सेपरेशन, असाइनमेंट प्रश्न ५' असं. आत मला इथपर्यंत समजलंय, मी हे केलं, इथे अडकले, एवढंच. एका मेसेजमध्ये एकच डाउट. पाच टाकलेस तर टीए सोप्या एकाचं उत्तर देऊन पुढे जातो आणि तुझे अवघड चार तिथेच राहतात. कागदाचा फोटो टाकायचा असेल तर उजेडात काढ आणि सरळ फिरवून टाक, आडवे फोटो मान वाकडी करून वाचावे लागतात. आणि विचारण्याआधी फोरममध्ये सर्च कर, परीक्षेच्या तोंडावर सगळ्यांचे डाउट सारखेच असतात, तुझं उत्तर तिथे आधीच पडलेलं असायची शक्यता खूप आहे.

इंग्रजीचं म्हणशील तर साधी छोटी वाक्यं लिही. समोरचा माणूस तमिळ, बंगाली, ओडिया कुणीही असू शकतो, त्याचीही मातृभाषा इंग्रजी नाहीये. व्याकरण कुणी बघत नाही गं, तुझी स्टेप बघतात.

शिकवणारी_मावशी
मी विदर्भातल्या कॉलेजात शिकवते, वरच्याशी सहमत. थोडं शिक्षकांच्या बाजूने सांगते. 'चुकीचं विचारलं तर काय वाटेल' हा विचार बाळा तू आजपासून सोडून दे. वर्षभर गप्प बसलेली मुलगी परीक्षेआधी नेमका प्रश्न घेऊन येते तेव्हा आम्हाला बरंच वाटतं. मुली यात जास्त मागे राहतात, मी वर्गात रोज बघते, मुलगे बिनधास्त विचारतात आणि मुली एकमेकींना विचारत बसतात. तू विचार.
मेसेजच्या सुरुवातीला 'डिअर सर ऑर मॅडम' किंवा 'हॅलो टीम' पुरे, चार ओळींची स्तुती नको. उत्तर आलं की तिथेच 'समजलं, थँक्यू' लिही, आणि अजून नसेल समजलं तर तसं लिही, नुसतं 'ओके' लिहून गप्प बसू नकोस. दोन-तीन दिवसांत काही आलं नाही तर त्याच मेसेजखाली एक नम्र आठवण टाक, नवा धागा उघडू नकोस. प्रोफेसरांना वैयक्तिक मेल शोधून पाठवणं, लिंक्डइनवर गाठणं हे मात्र नको, फोरम त्यासाठीच आहे आणि तिथलं उत्तर बाकीच्यांच्याही कामी येतं.
तुझ्या मेंटर सरांना परत एकदा भेट. विषय त्यांचा नसेल पण 'सर, संभाव्यतेचं एवढंच समजावून द्या, कंडिशनल प्रोबॅबिलिटी आणि बेजचा नियम' असं नेमकं मागितलंस तर देतील. बेझियन नेटवर्क अडतंय ते बहुतेक तिथेच अडतंय.

लोणावळा_लोकल
लाईव्ह सेशन बघतेस का? बऱ्याच कोर्सना पीएमआरएफवाले (प्रधानमंत्री रिसर्च फेलोशिप मिळालेले) रिसर्च स्कॉलर दर आठवड्याला प्रॉब्लेम सॉल्व्हिंगचं सेशन घेतात, तिथे चॅटमध्ये विचारलं की लगेच उत्तर मिळतं. तुझ्या कोर्सच्या अनाउन्समेंटमध्ये शोध, रेकॉर्डिंगच्या लिंकपण असतील. आणि लेक्चरचं ट्रान्स्क्रिप्ट डाउनलोड करून घे, रिव्हिजनला व्हिडिओ परत बघण्यापेक्षा वाचणं फार पटकन होतं. परीक्षा ३ तासांची, सेंटरवर जाऊन कॉम्प्युटरवर द्यायची असते. हॉल तिकिटाची प्रिंट आणि ओरिजिनल आयडी आदल्या रात्रीच बॅगेत टाक. सेंटर दुसऱ्या शहरात आलं असेल तर सकाळच्या एसटीच्या भरवशावर राहू नको, आदल्या दिवशी कुणाकडे तरी जाऊन रहा.

कृष्णाकाठची
खूप खूप थँक्यू सगळ्यांना 🙏 बेस्ट ८ ची सरासरी काढली, ७२ नाही ८० आली, म्हणजे २० झाले! @माजी_टीए दादा, मी एक डाउट लिहिलाय, फोरमवर इंग्रजीत टाकेन, आधी इथे बघाल का?
'वीक ८, बेझियन नेटवर्क. चोरी आणि भूकंप या दोन्हींमुळे अलार्म वाजू शकतो, दोन्ही बाण अलार्मकडे जातात. चोरी आणि भूकंप एकमेकांपासून स्वतंत्र आहेत हे समजलं. पण अलार्म वाजला हे माहिती असेल तर ते स्वतंत्र राहत नाहीत असं म्हटलंय. मला वाटत होतं की मधला नोड माहिती झाला की रस्ता बंद होतो, जसं अ कडून ब, ब कडून क अशा साखळीत होतं. इथे उलटा कसा उघडतो?'

माजी_टीए
असंच विचारायचं! साखळीत काय होतं हे तू लिहिलंस त्यामुळे नेमकी गाठ कुठे आहे ते दिसलं. फोरमवर टाकच, पण इथेही सांगतो. समज तू बाहेरगावी आहेस आणि शेजारच्या काकूंचा फोन आला की घरचा अलार्म वाजतोय. तुझ्या मनात चोरीची शक्यता एकदम वाढली. तेवढ्यात रेडिओवर ऐकलंस की तिकडे भूकंपाचा धक्का बसलाय. आता चोरीची भीती कमी झाली की नाही? अलार्मला कारण मिळालं. म्हणजे भूकंपाची बातमी कळल्याने चोरीबद्दलचं तुझं मत बदललं, म्हणून अलार्म माहिती असताना ते दोघं स्वतंत्र नाहीत. आणि अलार्मबद्दल काहीच माहिती नसेल तर भूकंपाच्या बातमीने चोरीबद्दल काहीच कळत नाही, म्हणून तेव्हा स्वतंत्र. दोन बाण एकाच नोडवर येऊन टेकले की नियम उलटा, आणि त्या नोडच्या खालचा एखादा नोड माहिती असेल, जसा इथे काकूंचा फोन, तरी रस्ता उघडतो. परीक्षेत हे खालच्या नोडचं बरेच जण विसरतात.
आता असे तीन-चार नोडचे ग्राफ स्वतः काढ आणि प्रत्येक जोडीला विचार की हा माहिती असेल तर रस्ता बंद की उघडा. मग ईएम घे, पण त्याआधी दहाव्या आठवड्यातलं के-मीन्स (बिंदूंचे गट पाडायची पद्धत) एकदा हाताने कर, चार-पाच बिंदू घेऊन. तिथे प्रत्येक बिंदू एकाच गटात जातो, ईएममध्ये तो थोडा इकडे थोडा तिकडे असा वाटला जातो, बाकी दोन पायऱ्यांचं चक्र तेच. एचएमएम शेवटी ठेव.

देशावरचा_पोरगा
हे अलार्मचं मलापण आज समजलं. तू ईएमचा डाउट टाकलास की इथेपण टाक, मी पण यंदा हाच कोर्स परत देतोय.

कृष्णाकाठची
हो टाकते. फोरमवर आत्ताच डाउट टाकलाय, आणि उद्या मेंटर सरांकडे कंडिशनल प्रोबॅबिलिटी घेऊन जाणारे. आज रात्री के-मीन्स.