कॉलेजातला डायव्हिंग क्लब : आठवणी लिहा

खारेदाणे
भाचा परवा मालवणहून आला. मोबाइलवर व्हिडिओ. गाईडने मागून धरलंय, हा माशांकडे बघून हात हलवतोय. "मामा, स्कूबा केलं!" छान म्हटलं, पण रात्री झोप लागेना.

१९८२. इंग्लंडमध्ये एमएस्सी. खोलीत मीटरमध्ये नाणी टाकून पाणी तापवावं लागे आणि स्विमिंग पूलवर गरम शॉवर फुकट, म्हणून मी युनिव्हर्सिटीच्या डायव्हिंग क्लबात शिरलो! तेव्हाचे वेटसूट, म्हणजे थंड पाण्यातले घट्ट रबरी पोशाख, अंगावर चढायचे नाहीत, आतून टाल्कम पावडर फासावी लागे. सगळे गिरणीतून दळण घेऊन आल्यासारखे दिसायचो.

११ ऑक्टोबरला सगळा क्लब टीव्हीपुढे. आठव्या हेन्रीचं 'मेरी रोझ', १५४५ साली बुडालेलं, समुद्रातून वर येत होतं. मध्येच ते उचलायच्या लोखंडी चौकटीचा एक कोपरा धाडकन खाली आला. चहा हातातच राहिला. १९६५ पासून ते जहाज शोधत होते त्यांत हौशी क्लबवालेच पुष्कळ, त्यामुळे आम्हाला ते घरचंच कार्य.

तुमचंही येऊ द्या.

पाणकोंबडी
स्टोनी कोव्ह. फेब्रुवारी. दगडाच्या खाणीतलं पाणी. दात अजून वाजतायत.

सोलकढी२
अंगठा वर म्हणजे 'वर चला', हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. मी मजेत अंगठा दाखवायची, बडी, म्हणजे पाण्यातला जोडीदार, बिचारा मला वर घेऊन जायचा. तीनदा!!

निवांत_नाना
@सोलकढी२ 😂 लग्न त्याच्याशीच केलं का?

सोलकढी२
नाही हो, तो नंतर माझ्याबरोबर उतरायलाच तयार नव्हता

गळ_आणि_दोरी
२००९, प्लिमथच्या बाजूला. 'जेम्स ईगन लेन' हे १९४५ मध्ये टॉर्पेडो लागून बुडालेलं मालवाहू जहाज आमचं नेहमीचं. क्लबच्या कपाटात जुन्या पोरांच्या वह्या होत्या. खोली, वेळ, किती हवा उरली, काय दिसलं. ओळीने वाचल्या की जहाज कसकसं कोसळत गेलं ते कळायचं. जुन्या वहीत 'आत शिरलो', आमच्या वेळी तिथे नुसते पत्रे. पुढे खोली बदलली तेव्हा कोणीतरी वह्या रद्दीत काढल्या. फोटोसुद्धा नाही एक.

खारेदाणे
रद्दीत?? अरे देवा. माझीही एक असेल कुठेतरी तशीच.

तिकडची_मी
सॅन दिएगोहून. इथल्या स्क्रिप्स या समुद्रविज्ञान संस्थेत १९५१ पासून संशोधकांना डायव्हिंग शिकवतात. आणि खारेदाणे, तुमच्या पावडरवाल्या वेटसूटचा मूळपुरुष ह्यू ब्रॅडनर, बर्कलीचा फिजिक्सवाला, त्याआधी अणुबॉम्बच्या प्रकल्पावर. बाळाला झोपवतेय, नंतर लिहिते

पाणकोंबडी
ऑक्टोपुश कोणी खेळलंय? पाण्याखालची हॉकी, वीतभर काठी. १९५४ मध्ये इंग्लंडातल्या साउथसीच्या डायव्हरांनी काढली, थंडीत लोक क्लब सोडून जाऊ नयेत म्हणून. माझं नाक त्यातच फुटलं.

निवांत_नाना
आपल्याकडे द्वारकेला समुद्रात उतरून शोध घेतला तो गोव्यातल्या दोनापावलाच्या एनआयओने, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने. कॉलेजांत मात्र क्लब नाहीत. आमच्या कॉलेजात पूल होता, पाणी नव्हतं.

राधिकेची_आई
धागा चुकला असेल तर माफ करा, मुलगा सप्टेंबरला साउदम्प्टनला चाललाय. असल्या क्लबात जाऊ द्यावं का? आणि पोहून आल्यावर भूक लागते, काय देऊ बरोबर?

खारेदाणे
जाऊ द्या ताई, बिनधास्त. चिवडा द्या. बोटीवर सगळे गोरे माझ्याच डब्यावर तुटून पडायचे.

राधिकेची_आई
पातळ पोह्यांचा की भाजक्या?