मदत हवी आहे : हात सोडले की सायकल झोके घेते

रानवाट :
गेली वीस वर्षे मी मोकळ्या रस्त्यावर हँडल न धरता सायकल चालवत आलो आहे. आता मात्र हात उचलताच ती आधी डावीकडे, मग त्याहून जास्त उजवीकडे झुकते आणि तिसऱ्या झोक्याला हँडल धरावेच लागते. रविवारी लांबचा पल्ला आहे, तेव्हा कृपया नेमका उपाय लवकर सांगावा.

आरेदुरुस्त :
सायकल कोणती, वेग किती, हँडलला काही लटकवले आहे का आणि हे कधीपासून होते, एवढे तरी लिहा.

जुनीघोडी :
वेग वाढवा. चाक जोरात फिरले की भोवऱ्यासारखे आपोआप तोल धरते.

चढउतार :
एवढ्याने भागत नाही. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ डेव्हिड जोन्स यांनी पुढच्या चाकाशेजारी उलट फिरणारे दुसरे चाक बसवून भोवऱ्याचा परिणाम घालवला, तरी ती सायकल चालवता आली; त्यांचा लेख १९७० साली प्रसिद्ध झाला आहे.

जुनीघोडी :
तिच्यावर हात सोडणे त्यांना अवघड गेले, हेही लिहायला हवे होते. इथे प्रश्न हात सोडण्याचाच आहे.

सावलीतला :
पाठ अवघडत असेल तर हँडल थोडे उंच करून घ्यावे, मला त्याने फार आराम पडला.

रानवाट :
पाठीची तक्रार नाही. हायब्रीड सायकल आहे, वेग ताशी वीसच्या आसपास असतो आणि हँडलवर काहीही नाही. दोन आठवड्यांपूर्वी सर्व्हिसिंग करून आणली, पण तेव्हा फक्त ग्रीस भरले होते.

आरेदुरुस्त :
हे आधी सांगायला हवे होते! सायकल ज्या बाजूला कलते त्याच बाजूला पुढचे चाक आपोआप वळते आणि त्यामुळे ती पुन्हा सावरते. हँडलची बॉल-रेस, म्हणजे हँडलचा दांडा ज्या छर्ऱ्यांवर आणि वाट्यांत फिरतो ती जोडणी, जास्त आवळली गेली असेल, तर चाक उशिरा वळते आणि प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होतो. वरची दांडी धरून पुढचे चाक वीतभर उचला आणि सायकल किंचित तिरकी करा. हँडल आपल्याच वजनाने वळले पाहिजे.

रानवाट :
करून पाहिले. हँडल बरोबर मध्यावर थांबते, बोटाने ढकलल्यावर 'टक्' होऊन सुटते आणि पुढे सहज फिरते.

आरेदुरुस्त :
मग वाट्यांत छर्ऱ्यांचे खड्डे पडले आहेत. नुसते सैल करून भागणार नाही, वाट्या आणि छर्रे दोन्ही बदलून घ्या. नंतर पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवा. खडखड जाणवली, तर बॉल-रेस सैल राहिली असे समजा.

जुनीघोडी :
दोन आठवड्यांत खड्डे पडत नाहीत, ते आधीचेच असणार.

आरेदुरुस्त :
आधीचे असतील, पण सैल असताना ते जाणवले नसतील. काहीही असो, काम होईपर्यंत हात हँडलवरच ठेवा.

रानवाट :
शनिवारी वाट्या बदलून घेतो आणि इथे कळवतो.