पुन्हा: पुन्हा: मतकरी कार्यक्रम – चिंची चेटकिणीचं नाक आणि परवानगी

मंडळी, स्मरणिकेचं पान उद्या छपाईला जातंय. नाटककार रत्नाकर मतकरींची नोकरी बँक ऑफ इंडियातली, चुकून लिहिलेलं 'बँक ऑफ महाराष्ट्र' खोडलंय. पहिली एकांकिका 'वेडी माणसं', १९५५, आकाशवाणी. तेव्हा जेमतेम सोळा-सतरा वर्षांचे. त्यांच्या 'अलबत्या गलबत्या' या बालनाट्याखाली "मुलं बसवताहेत, तिकीट नाही" एवढंच छापलं आहे.
– स्मरणिका

तिकीट नसलं की लेखकाची परवानगी लागत नाही. भारतात हौशी संस्थेने फुकट प्रयोग केला तर कॉपीराइट कायद्यातच सूट आहे. गेल्या वेळचा घोळ पुन्हा नको.
– खजिनदार

काका, ती सूट भारतातल्या कायद्यात. आपला हॉल अमेरिकेत. इथल्या फुकट प्रयोगाच्या सवलतीतून नाटक मुद्दाम वगळलेलं आहे. कविता वाचा, चालेल. मतकरी २०२० च्या मे महिन्यात गेले, म्हणजे भारतातला हक्कसुद्धा (मृत्यूनंतर साठ वर्षं) २०८० अखेरपर्यंत आहे. वारसांना मेल करा: तारीख, खुर्च्या किती, संहितेत काय कापलंय, रेकॉर्डिंग होणार का. रेकॉर्डिंगची परवानगी वेगळी मागायची, तीच सगळे विसरतात.
– सचिव

कापाकापीचं नंतर. चिंचीच्या खोट्या नाकाचं काय? मागच्या तालमीत चिंची बोलली की सर्दी झाल्यासारखी.
– ध्वनी

नाकपुड्या दाबल्या जाताहेत. वर्तमानपत्राचे तुकडे, मैद्याची खळ, तीनच थर, प्रत्येक थर रात्रभर वाळवून. घाईत पाच थर एकदम दिले की आतून ओलं राहतं आणि दिव्याखाली वास मारतं. खालची बाजू पूर्ण उघडी ठेवा. इलॅस्टिक कानामागून न्या. गोंदाने चिकटवू नका, दुसऱ्या अंकात घामाने सुटतं. आणि गालावरचा माइक नाकाच्या टोकापासून दोन बोटं लांब, नाहीतर घासल्याचा आवाज येतो.
– वेशभूषा

एक शंका. चिंची मुलगी करतेय. मूळची दिलीप प्रभावळकरांनी केली होती, २०१८ च्या प्रयोगात वैभव मांगले. पुरुषानेच करायला हवी ना?
– स्मरणिका

कुठे लिहिलंय? मुलांना भीती आणि हसू एकत्र वाटलं पाहिजे, बस्स. खर्जात ओरडायला लावू नका, घसा बसेल.
– वेशभूषा

नाक झालं असेल तर पानाकडे वळूया. त्यात 'आरण्यक' आणि 'लोककथा ७८' ही नाटकं एका ओळीत उरकलीत, 'गहिरे पाणी' नाहीच! गूढकथांवरची ती मालिका वगळून टीव्हीचं काय सांगणार? आणि 'आरण्यक'चं अभिवाचन आहेच, तर निदान धृतराष्ट्र, गांधारी, कुंती, विदुर युद्धानंतर वनात जातात एवढं तरी लिहा. मुक्तछंद आहे, वाचनाच्या प्रतीत अक्षर १६ पॉइंटचं, ओळ मूळ जागीच तोडा, पान वाक्याच्या मध्ये उलटायला लावू नका. कागद सुटे ठेवा, स्टेपल केले की माइकमध्ये खडखड.
– ध्वनी

जागा दीडशे शब्दांचीच आहे. 'गहिरे पाणी' घेते, बँक काढते.
– स्मरणिका

बँक काढू नका. नोकरी सांभाळून एवढं लिहिलं, तेच तर सांगायचंय.
– खजिनदार