हातातल्या जीपीएसवर उपग्रहांच्या पट्ट्यांत दिसणारा 'डी': मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

साधा हातात धरायचा जीपीएस रिसीव्हर वापरतोय. सेटिंगमध्ये 'वॉस/एग्नॉस' चालू केलं की थोड्या वेळाने उपग्रहांच्या काही पट्ट्यांवर 'डी' उमटतो. तो 'डिफरन्शियल'चा, म्हणजे त्या उपग्रहाच्या सिग्नलमधल्या चुकीची दुरुस्ती मिळाली, इथवर कळलं. पुढे घोडं अडलंय.

सगळ्या पट्ट्यांवर 'डी' का येत नाही? ४० नंबरची पट्टी (दुरुस्ती पाठवणारा हाच ना?) झाडीत शिरलो की रिकामी होते, तरी बाकीच्यांवरचे 'डी' काही वेळ तसेच! आणि मुख्य म्हणजे, स्क्रीनवर अचूकता ३ मीटर दिसत असताना उंच इमारतींमधून काढलेला ट्रॅक खुशाल रस्त्यापलीकडे जातो. मग या 'डी'चा उपयोग काय? मॅन्युअलने एका ओळीत बोळवण केलीय.

प्रतिसाद: ४० मध्ये ८७ मिळवा. १२७ हा त्याचा खरा पीआरएन (उपग्रहाचा ओळख क्रमांक), म्हणजे गगनचा उपग्रह. गगन ही जीपीएसची दुरुस्ती पाठवणारी आपली भारतीय यंत्रणा. अमेरिकेचं वॉस, युरोपचं एग्नॉस, जपानचं एमसॅस, सगळे एकाच धाटणीचे. सेटिंगच्या नावावर जाऊ नका.

हा भूस्थिर उपग्रह दर सेकंदाला २५० बिटांचा एक संदेश पाठवतो. त्यात जीपीएस उपग्रहांच्या घड्याळाच्या नि कक्षेच्या चुकांची दुरुस्ती असते, शिवाय आयनांबरात (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात) सिग्नल किती रेंगाळतो याचा चौकटी-चौकटींचा तक्ता. तक्ता पुरा यायला काही मिनिटं जातात, म्हणून 'डी' उशिरा येतो. आलेली दुरुस्ती लगेच शिळी होत नाही, म्हणून झाडीतही टिकतो. गगनच्या जमिनीवरच्या केंद्रांना जो उपग्रह नीट दिसत नाही त्याची दुरुस्ती नसते. ग्लोनासची (रशियाच्या जीपीएससारख्या यंत्रणेची) तर गगन देतच नाही.

इमारतींचं वेगळं. भिंतीवर आपटून आलेला सिग्नल हा तुम्ही उभे आहात त्या जागेपुरता घोटाळा. दूरच्या केंद्राला तो कळणार कसा? ३ मीटर हा रिसीव्हरचा स्वतःचा अंदाज आहे, हमी नव्हे. फरक बघायचा तर मोकळ्या मैदानात एकाच खुणेवर उभं राहून वॉस चालू-बंद करून बघा. बॅटरी बचत चालू असेल तर काही यंत्रं दुरुस्ती घेतच नाहीत, तेही तपासा.

धागाकर्ता: बॅटरी बचत बंदच आहे. 'डी' नसलेल्या बहुतेक पट्ट्या ६५ च्या पुढच्या, म्हणजे ग्लोनासच्या निघाल्या. मग ग्लोनास बंद करू का?

प्रतिसाद: इमारतींत राहू द्या, तिथे मुळात उपग्रह कमी दिसतात. मैदानातल्या चाचणीपुरतं बंद करा.